अप्रशिक्षित असल्याचे निदर्शनास आले

मला शिकायला पाठवायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा मला शिकवायला लागून सोळा वर्षं झाली होती.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, रेल्वेचं स्टेशन आहे, एवढं पुरे. संस्थेचं नावही सांगत नाही. दहावीनंतर पोरं हाताचं काम शिकायला जिथं येतात, तसली ती एक सरकारी संस्था, आणि मी तिथं जोडारीचा निदेशक. जोडारी म्हणजे फिटर. हे मला जिथं तिथं फोड करून सांगावं लागतं, कारण एका लग्नात एका पाहुण्यानं 'जोडारी' म्हणजे सोयरीक जोडणारा असं समजून दोन भाच्यांच्या पत्रिका माझ्या हातात दिल्या होत्या. त्यातली एक सोयरीक पुढं जमलीही, पण तो वेगळा विषय.

१९८८ सालचा जुलै महिना. मंगळवारी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं : 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण अप्रशिक्षित असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणांस हैद्राबाद येथील सहा महिन्यांच्या निदेशक प्रशिक्षणासाठी पाठविण्यात येत आहे.'

मी ते पत्र चार वेळा वाचलं. हैद्राबादबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. सहा महिन्यांबद्दल थोडं होतं. पण माझा पाय अडकला तो 'निदर्शनास आले' या दोन शब्दांत. कुणाच्या निदर्शनास? सोळा वर्षं मी लोखंड घासतोय, घासून घेतोय. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पूर्णेच्या रेल्वेत आहेत, सेलूच्या जिनिंगमध्ये आहेत, एक तर आखातात आहे. सोळा वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते याच जुलैत कसं काय दिसलं?

शेजारी दिनकरराव राहतात. तहसिलीतून पेशकार म्हणून रिटायर झालेले. आमच्या गल्लीत कुणालाही सरकारी कागद आला की तो आधी दिनकररावांच्या ओसरीवर जातो आणि मग घरात. त्यांनी पत्र उजेडाकडे धरलं, मागून पाहिलं, शिक्का नखानं खरवडला.

"किशनराव," ते म्हणाले, "सरकारला डोळे नसतेत. सरकारच्या निदर्शनास आपोआप कायबी येत न्हाई. कुणीतरी बोट दाखवावं लागतं."

"बोट कुणाचं?"

"तुमी गेल्यावर तुमच्या जागी कोण बसणार? त्याचं."

आतून त्यांच्या कुसुमबाई म्हणाल्या, "आमच्या दिरालाबी असंच ट्रेनिंगला धाडलं होतं. परत आले तर खुर्चीवर दुसराच माणूस! अजून उभेच हायेत बिचारे."

अजून उभे असलेल्या त्या दिरांचं चित्र डोळ्यांपुढं घेऊन मी घरी आलो. माझ्या बायकोनं, रुख्मिणीनं, पत्र वाचलं आणि म्हणाली, "जा की. सहा महिने सोताचं सोता धुऊन खाल, तर कळल तरी." हिच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा मी पूर्वीच सोडलेली आहे.

मी पाठकोऱ्या कागदावर संशयितांची यादी केली. पहिले आमचे प्राचार्य बन्सीधरराव. त्यांना सगळे साहेब म्हणतात. नियमाच्या बाहेर त्यांना शिंकही येत नाही, आणि अशा माणसाचा भरवसा काय? दुसरा भुजंगराव, भांडारपाल. त्याच्या भांडारातल्या लोखंड घासायच्या दोन कानशी कमी भरल्याचं मी एकदा सगळ्यांदेखत म्हणालो होतो. तिसरा लिंबाजी, विजेच्या कामाचा निदेशक. वय तीस, पूर्णेचा, वडील रेल्वेत खलाशी. यानं माझं वाईट करावं असं एकही कारण मला सापडेना. म्हणूनच माझा संशय त्याच्यावर पक्का बसला. वाईट करणारा मागं कारण ठेवून जाईल कशाला? शिवाय तो त्याच हैद्राबादला ते प्रशिक्षण आधीच घेऊन आलेला. आमच्या संस्थेत प्रशिक्षित असा तो एकटाच. रोज वर्गावर जाण्याआधी काय शिकवायचं ते वहीत लिहून काढायचा. त्याला पाठटाचण म्हणतात. मी सोळा वर्षांत एक टाचण लिहिलं नव्हतं. जे हातात आहे ते वहीत कशाला?

ते दिवस कसले होते तेही सांगायला पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं की नाही, यावरून दहा वर्षं इकडं धुमसत होतं. चहाच्या हॉटेलात कोण आला की कोण बोलायचं थांबतो, यावरून माणसं एकमेकांना ओळखायची. लिंबाजी बौद्ध. त्याचा माझ्या संशयाशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा स्वतःला दिवसातून दोनतीनदा तरी सांगत होतो.

"आता काय करायचं?" मी दिनकररावांना विचारलं.

"आजारी पडा."

"कशानं?"

"दिसत न्हाई असा आजार घ्या. ताप मोजता येतो. हाड फोटूत दिसतं. चक्कर घ्या. चक्कर म्हनजे ज्याची त्यालाच दिसती."

बाजारपेठेत त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येते?" मी तोंड उघडायच्या आत दिनकरराव म्हणाले, "हुकूम आल्यापासून." डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून दिलं : 'यांना वारंवार चक्कर येते. लांबचा प्रवास टाळावा.'

कागद फार चांगला झाला होता. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि चेहरा जरासा ओढलेला केला.

साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी दिसली. "किशनराव, हे तर लय गंभीर आहे. तुम्ही आधी का नाही बोललात?"

"म्हटलं, कशाला उगीच..."

"चला," म्हणाले, आणि मला हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं. भिंतीवर सुरक्षेचे नियम रंगवलेले आहेत. साहेबांनी सातव्या नियमावर बोट ठेवलं : 'ज्यास चक्कर येते अशा व्यक्तीने चालू यंत्राजवळ उभे राहू नये.' अक्षर माझंच. एकोणऐंशी साली लाल ऑइलपेंटनं मीच लिहिलं होतं, आणि शेजारी हौसेनं एक पडणारा माणूसही काढला होता. त्याला मिशा होत्या. माझ्यासारख्याच.

दुपारपर्यंत आदेश निघाला. प्रकृती सुधारल्याचा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणीपर्यंत श्री. किशनराव यांनी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकू नये. त्यांनी भांडारात बसून सामानाची मोजणी करावी. हैद्राबादचं जाणं तूर्त स्थगित. जोडारीच्या वर्गाचा अतिरिक्त कार्यभार श्री. लिंबाजी यांनी सांभाळावा.

शेवटचं वाक्य वाचताना मला पहिल्यांदा खरी चक्कर आली.

भांडारात भुजंगरावानं मला एक स्टूल दिलं आणि खिळ्यांची पेटी पुढं ठेवली. "मोजा," म्हणाला. त्याच्या आवाजात कानशींचा हिशोब चुकता केल्याचं समाधान होतं. बातमी गावभर फिरून माझ्या आधी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली तर समोरून कुणीतरी ओरडलं, "अहो, चक्करवाल्या माणसानं सायकल कशी चालवावी?" सायकल बंद. पायी निघालो तर रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंनी दोघांनी दंड धरले. त्यातला एक सत्तर वर्षांचा होता. न्हाव्यानं वस्तरा लावायला नाही म्हटलं. मान मध्येच हलली तर जबाबदार कोण? कुसुमबाईंनी आवळ्याचा रस पाठवला, ब्राह्मीचं तेल पाठवलं, आणि एका बुधवारी तर त्यांच्या माहेरचा एक माणूस येऊन माझ्या डोक्यावरून लिंबू उतरवून गेला. चक्करीचा सल्ला देणारे दिनकरराव मात्र या सगळ्यात शांतपणे अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे. ते म्हणायचे, "जमायलंय. चांगलं जमायलंय."

भांडार आणि वर्कशॉप यांच्यामध्ये तारेची जाळी आहे. त्या जाळीतून माझा वर्ग दिसायचा. चौथ्या दिवशी मी खिळे मोजता मोजता कान तिकडं लावला. लिंबाजी पोरांपुढं कानस हातात घेऊन उभा होता.

"हे बघा, मी विजेचा माणूस," तो म्हणाला. "कानस कशी धरायची मला येत न्हाई. तुमच्या सरांचा हात तुमी रोज बघताव. तेव्हा आज तुमी मला शिकवा. कोण शिकवतंय?"

कुणी हलेना. मला वाटलं, भले शाबास! माझ्याशी इमान राखतायत.

मग लिंबाजी म्हणाला, "सर कसं सांगतेत? तसंच सांगा."

"सर सांगत न्हाईत," एक आवाज आला. "सर करतेत. अन् मग म्हणतेत, बघितलं का?"

"मग?"

"मग आमी हो म्हणतो."

"दिसतं का पण?"

पोरं हसली. "कसं दिसल सर? सर भिंतीकडं तोंड करून करतेत. आमाला सरांची पाठ दिसती."

सगळे खो खो हसले. लिंबाजी हसला नाही हे मला जाळीतून दिसलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. मी मोजलेले खिळे पुन्हा पेटीत ओतले. गेल्या वर्षी अखिल भारतीय परीक्षेत माझ्या वर्गातले सोळापैकी पाच पास झाले होते. मी म्हणालो होतो की पोरांचं लक्ष नाही.

घरी येऊन मी रुख्मिणीला ठासून सांगितलं, "तोच आहे. लिंबाजीच. माझ्या वर्गात माझ्या विरुद्ध पोरांना बोलतं करतोय. पत्रही त्यानंच लिहवून घेतलंय."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी दिनकररावांना राव म्हणता. साहेबाला राव. दोन कानशी घरी नेल्या तरी भुजंगरावाला राव. अन् ते नुसते लिंबाजी. का वो?"

"वयानं लहान आहे तो."

"भुजंगराव त्येंच्यापेक्षा दोन वर्सानं लहान हायेत. मुंजीला... न्हाई, बारशाला गेल्ते मी त्येंच्या."

मी म्हणालो, "मला चक्कर यायलीय," आणि बाहेर जाऊन बसलो.

पण ती गोष्ट मनातून जाईना. संशय खरा ठरवायचा तर कागद पाहिजे. संस्थेत आवक-जावकची सगळी रजिस्टरं पंचफुलाबाईंकडं असतात. त्यांच्या कपाटात काय नाही? एकदा साहेबांची हरवलेली छत्रीही तिथंच सापडली होती, नोंदीसकट. मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "बाई, माझ्याविरुद्ध इथून काय गेलंय ते मला बघायचंय."

"तुमच्याविरुद्ध?" त्यांनी चष्मा पुसला. "कधी?"

"मार्च ते जून."

त्यांनी जावक रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आल्या, एका ओळीवर थांबल्या, मग कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढं ठेवली. एप्रिलमध्ये सगळ्या निदेशकांनी भरून दिलेले माहितीचे तक्ते. माझा तक्ता चौथा. नाव, जन्मतारीख, धंदा, आणि मग रकाना अकरावा : 'प्रशिक्षित / अप्रशिक्षित. लागू नसेल ते खोडावे.'

'प्रशिक्षित' हा शब्द खोडलेला होता. एक नाही, तीन रेघांनी, अगदी काटकोनाचा गुण्या लावून माराव्यात तशा सरळ. खाली सही होती. माझी.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी तक्ता पाहूनच माझं डोकं फिरलं होतं. सोळा वर्षांनी मला हे काय विचारतात? घ्या, अप्रशिक्षितच समजा, असं म्हणत त्या रागात मी ते खोडलं होतं आणि कागद पंचफुलाबाईंच्या टेबलावर आपटला होता.

"आपटला होता," पंचफुलाबाई म्हणाल्या. "शाईची दौत सांडली होती. हा बघा डाग."

"म्हणजे माझ्यावर बोट..."

"तुमचंच की वो, सर."

मी फाईल बंद केली. त्यांनी ती पुन्हा उघडली, पानं सारखी केली आणि मग बंद केली.

भांडारात परतलो तर माझ्या स्टुलाशी लिंबाजी उभा. हातात एक पत्र. भुजंगराव चहाला गेलेला. मला वाटलं, आता हा माझी तब्येत विचारणार. तो म्हणाला, "सर, दाखला कधी आणायलाव?"

"का? घाई काय आहे?"

"मला मद्रासला प्रगत अभ्यासक्रमाला जागा मिळालीय. तीन वर्षं अर्ज करायलोय, आत्ता नंबर लागला. पाच सप्टेंबरला हजर व्हायचंय. साहेब म्हणतेत, जोडारीचा कार्यभार माझ्याकडं हाय तोवर मला सोडता येत न्हाई. नियम."

मी चार खिळे पेटीत टाकले.

"मी जोडारी न्हाई," तो पुढं म्हणाला. "जानेवारीत पोरांची परीक्षा हाय. मी त्यांना कानस धरायला शिकवली तर सगळी नापास होतील. तुमचा हात मी बघितलाय, सर. असा हात जिल्ह्यात न्हाई. तुमची चक्कर खरी असेल तर माझं काही म्हणणं न्हाई. मी साहेबांना तसं सांगतो, जागा सोडतो. पण खरी हाय का?"

इतका सरळ प्रश्न मला कुणी त्या महिन्यात विचारला नव्हता. खरं बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला सेवापुस्तक दिसलं, विभागीय चौकशी दिसली, खोट्या दाखल्याबद्दलची लाल शाई दिसली. मी म्हणालो, "आता पुष्कळ कमी आहे. बुधवारी परभणीला जातो."

त्यानं हातातलं पत्र घडी करून खिशात घातलं. "बरं," म्हणाला, आणि गेला. तो 'बरं' पुढं तीन आठवडे माझ्या कानात होता.

वैद्यकीय मंडळ फक्त बुधवारी बसायचं. पहिल्या बुधवारी मी सकाळी सातला बसस्टँडवर गेलो तर गाड्या एका रांगेत उभ्या आणि ड्रायव्हर पत्ते खेळतायत. नामांतरावरून बंद होता. बंद कोणत्या बाजूचा आहे असं मी विचारलं, तर कंट्रोलर म्हणाला, "गाडीला काय फरक पडतो? चाक एकच." रेल्वेनं जावं म्हटलं तर पॅसेंजर सिग्नलला खोळंबलेली. दुपारी ती आली तेव्हा मंडळ उठायची वेळ झाली होती. एक बुधवार गेला.

दुसऱ्या बुधवारी मी पहाटेच निघालो. खायला वेळ नव्हता, नुसता चहा घेतला. परभणीत रांगेत उभा राहिलो चार तास. आत तीन डॉक्टर. त्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी मला एका फिरत्या खुर्चीवर बसवलं.

"चक्कर येते?"

"येत होती. आता येत नाही."

"बघू," म्हणाले, आणि खुर्ची फिरवली.

लहानपणी उरुसातल्या पाळण्यात बसलो होतो, त्यानंतर मी असा फिरलो नव्हतो. खुर्ची थांबली. मी थांबलो नाही. भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या डोळ्यांपुढून सहा वेळा गेलं. मग डॉक्टर म्हणाले, "उठा, सरळ चाला." मी उठलो आणि सरळ जाऊन मेजावरच्या कागदांवर आडवा झालो. उपाशी पोटाचा तो परिणाम होता, पण हे त्यांना पटेना. त्यांनी लिहिलं : 'तक्रार खरी आहे. पुढील बुधवारी पुन्हा तपासणी.'

येताना गाडीत मी मनातल्या मनात हसलो. एवढ्या दिवसांत खोट्या चक्करीला पहिल्यांदाच सरकारी मान्यता मिळाली होती, आणि ती नेमकी मला नको होती तेव्हा. हसू फार टिकलं नाही. पाच सप्टेंबरला आता बारा दिवस राहिले होते.

घरी येऊन मी रुख्मिणीला सगळं सांगितलं. तक्ता, तीन रेघा, मद्रास, सगळं. ती एवढंच म्हणाली, "मग आता पोटभर जेवा, अन् गोल गोल फिरायचा सराव करा." आणि खरंच, पुढचे सहा दिवस सकाळी अंगणात तिनं मला खांद्याला धरून फिरवलं. कुंपणापलीकडून कुसुमबाई पाहत होत्या. त्या दिनकररावांना म्हणाल्या, "आवं, आता त्या बाईलाबी लागण झाली."

दिनकररावांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं. "किशनराव, हे काय? चांगला जमलेला आजार मोडायलाव? लिंबाजी मद्रासला गेला तर परत येऊन तुमच्या डोक्यावर बसल. त्याचं जाणं मोडलं, ही तर आपली जीत!"

हेच वाक्य त्यांनी महिन्यापूर्वी म्हटलं असतं तर मी त्यांना चहा पाजला असता. आता ते ऐकताना मला लाज वाटली, आणि ती लाज त्यांच्याबद्दल नव्हती. मी म्हणालो, "पेशकारसाहेब, बोट माझंच होतं." ते काही समजले नाहीत. मी समजावलंही नाही.

तिसऱ्या बुधवारी चार भाकरी खाऊन गेलो. खुर्ची फिरली. मी दात आवळून दारावरच्या पितळी कडीकडं नजर ठेवली. "उठा, चाला." मी उठलो आणि फरशीच्या सांध्यावरून भिंतीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. डॉक्टर म्हणाले, "अहो, इतकं सरळ तर आम्हालाही चालता येत नाही. धंदा काय?"

"जोडारी."

"लग्नं जुळवता?"

"हो," मी म्हणालो. त्या क्षणी मी कशालाही हो म्हणालो असतो.

दाखला लिहिला. दोन सह्या झाल्या. तिसऱ्या सहीचे डॉक्टर नेत्रशिबिराला जिंतूरला गेले होते आणि शनिवारी परतणार होते. शनिवार म्हणजे तीन तारीख. लिंबाजीची गाडी शनिवारी सकाळची. मी तसाच स्टँडवर गेलो आणि जिंतूरची एसटी पकडली. शिबिरात डॉक्टर सापडले, पण भोवती डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली पन्नास माणसं. मी मध्ये घुसलो तर एक म्हातारी म्हणाली, "ए बाबा, लाईनीत ये. तुला तर दोनी डोळ्यांनी दिसायलंय." मी लाईनीत उभा राहिलो. दोन तासांनी माझा नंबर आला, तेव्हा डॉक्टरांनी आधी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग ऐकून घेतलं, मग सही केली.

गुरुवारी सकाळी दाखला साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. सह्या मोजल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहून म्हणाले, "किशनराव, एक विचारू? खरंच येत होती का?"

"साहेब," मी म्हणालो, "लेखी विचारताय की तोंडी?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "विचारलंच नाही असं समजा," म्हणाले, आणि लिंबाजीच्या कार्यमुक्तीच्या आदेशावर सही केली. नियमाबाहेरची त्यांची ती पहिली शिंक.

शनिवारी मी स्टेशनवर गेलो. हैद्राबादकडं जाणारी काचीगुड्याची गाडी तासभर उशिरा होती. लिंबाजी एका लोखंडी ट्रंकेवर बसला होता, शेजारी त्याचे वडील. मला पाहून ते उठायला लागले, मी त्यांना बसवलं. लिंबाजी आणि मी फलाटाच्या टोकाला गेलो. गाडी आलीच नाही तर बरं, असं मला वाटत होतं, आणि लगेच यावी असंही.

"लिंबाजीराव," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. ते पत्र आलं तेव्हा माझा संशय तुमच्यावर होता. तुम्ही कुणाला सांगून मला पाठवताय, असं मी धरून चाललो होतो."

"माहीत होतं, सर."

"कसं?"

"दुसऱ्या कुणावर घेतला असता तर नवल वाटलं असतं."

तो रागानं बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो तसा बोललाच नाही. पाऊस पडेल का नाही हे सांगावं तसा बोलला. मी म्हणालो, "चक्कर खोटी होती."

"तेबी माहीत होतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमचा संशय खरा झाला असता," तो म्हणाला. "अन् खरं सांगायचं तर, मला भीती वाटत होती. चौकशी लागली असती तर माझी तारीख त्यातच गेली असती. लय मोठं मन हाय माझं, असं समजू नका."

गाडी आली. ट्रंक जड होती. एक बाजू त्यानं धरली, एक मी. त्याचे वडील ओरडत होते, "अरे, सरांना कशाला उचलाय लावतूस, त्येंना चक्कर येती!"

मीही शेवटी हैद्राबादला गेलो, पोरांची परीक्षा आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या तुकडीत. आधीची तुकडी केव्हाच भरून गेली होती. यावेळी कुणी पाठवलं नाही, मीच अर्ज दिला. रकाना अकरा नीट वाचून खोडला. वर्गात आम्ही चोवीस जण, चार राज्यांतले, आणि सगळ्यांत म्हातारा मी. आठव्या दिवशी सगळ्यांपुढं पहिला पाठ घ्यायला लावला. विषय माझ्याच निवडीचा, कानस धरणे. हात सोळा वर्षांचा, पण तोंड उघडल्यावर मला कळलं की हात काय करतो हे मला सांगता येत नाही. हिंदी बोलावं तर दखनी येत होती, दखनी बोलावी तर ओडिशाचे दोघे एकमेकांकडं पाहत होते. बारा मिनिटांच्या पाठात मी सहा वेळा 'बस, ऐसाच' म्हणालो. परीक्षकांनी मला चाळीस गुणांपैकी नऊ दिले आणि फार सभ्यपणे विचारलं, "आप कितने साल से पढ़ा रहे हैं?" मी सोळा सांगितले नाहीत. मी म्हणालो, "नया हूँ."

त्या संध्याकाळी दिनकररावांना पत्र लिहावं असं मनात आलं, पण ते उजेडाकडे धरून वाचतील आणि गल्लीभर होईल. रुख्मिणीला लिहावं तर ती हसेल. शेवटी एक पोस्टकार्ड घेतलं आणि मद्रासच्या पत्त्यावर लिहिलं : 'श्री. लिंबाजीराव यांस, सप्रेम नमस्कार. पहिल्या पाठात नापास झालो. चाळीसपैकी नऊ. काय करावे कळत नाही. परत जावे असे वाटते. आपला, किशनराव.'

टाकताना पेटीपाशी थबकलो. उघडं कार्ड. वाटेत पोस्टमन वाचणार, तिथं कुणीतरी वाचणार, आणि तोही वाचून चार लोकांत सांगणार नाही कशावरून? पण हात आत गेला होता.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तेही पोस्टकार्डच. गोल अक्षरात तीन ओळी : 'परत जाऊ नका. मी तिथे दोनदा नापास झालो होतो, पहिल्यांदा सहा गुण होते. कुणाला सांगू नका.'

मी ते कार्ड उशीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ घेतला. चौदा मिळाले. तिसऱ्यांदा तेवीस, म्हणजे पास.

गावी आल्यावर दिनकररावांनी ओसरीवर बसवून बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. लिंबाजीरावांच्या सहा गुणांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. इतक्या वर्षांत कुणाजवळच बोललो नाही. आता इथं लिहायच्या आधी त्यांची परवानगी घेतली आहे. लेखी.